मदत हवी आहे: आईच्या एमआर स्पेक्ट्रोस्कोपीच्या रिपोर्टबद्दल

नमस्कार. आम्ही भांडुपला राहतो. आई ५८ वर्षांची. महिन्यापूर्वी तिला फिट आली आणि एमआरआयमध्ये मेंदूत डाव्या बाजूला गाठ दिसली. साधी की कॅन्सरची हे कळेना, म्हणून स्पेक्ट्रोस्कोपी झाली, म्हणजे गाठीतली रसायनं आलेखावर दाखवणारी तपासणी. मशीन एमआरआयचंच, फक्त वेळ जास्त.

रिपोर्टमध्ये कोलीन वाढलेलं, एनएए (एन-ॲसिटिल ॲस्पार्टेट) घटलेलं; ही दोन्ही मेंदूतली रसायनं. माझ्या वाचनात आलं ते असं: पेशी भराभर वाढतात तेव्हा त्यांच्या आवरणाची उलाढाल वाढते आणि आलेखावर ३.२ पीपीएम (आडव्या अक्षावरचं माप) या जागी कोलीनचा उंचवटा चढतो. २.० जवळचं एनएए चेतापेशींचं, म्हणून गाठीत ते कमी. पण मेनिन्जिओमा (मेंदूच्या आवरणाची गाठ) बहुतेकदा साधा असतो, तरी त्यातही कोलीन वाढतं! मग या आलेखावर किती विसंबायचं?

डॉक्टर बायॉप्सीच करा म्हणतात, म्हणजे कवटीला छोटं भोक पाडून गाठीचा तुकडा तपासायचा. आई मात्र "डोक्याला भोक नको गं" एवढंच म्हणते, रात्रभर जागी असते.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी हे झालंय का? बायॉप्सीचा निकाल स्पेक्ट्रोस्कोपीशी जुळला का? परळला टाटामध्ये सेकंड ओपिनियनला गेलेल्यांनी फिल्मसोबत सीडीही नेली होती का? कुणी रेडिओलॉजिस्ट असतील तर कृपया बोला. मंगळवारपर्यंत डॉक्टरांना कळवायचं आहे.