'जमेल तेवढं करणं' ही पळवाट आहे का?

पाऊलवाट

बरेच दिवस हे लिहीन म्हणत होते. दोन वर्षं मी एक वही चालवत होते. सहा रकाने आखलेले: पहाटे उठणं, ध्यान, व्यायाम, दहा हजार पावलं, डायरी आणि रात्री साडेनऊला फोन बंद. झालं की टिक करायची. सुरुवातीला मस्त चाललं, मग आईचं आजारपण सुरू झालं, रात्री दोनदा उठून तिला नेब्युलायझर (श्वासातून औषध देणारं यंत्र) लावायचा, सकाळी ऑफिस, आणि वहीतले रकाने रिकामे दिसायला लागले. एका रात्री साडेअकरा वाजता मी पलंगाच्या कडेला बसून मागच्या चार दिवसांच्या टिका खोट्या भरत होते. ती वही माझ्याशिवाय कुणी बघत नव्हतं, तरी भरत होते. दात इतके आवळलेले की कानशिलं ठणकत होती, आणि ते मला पेन खाली ठेवल्यावर कळलं. ताण कमी व्हावा म्हणून सुरू केलेली वही होती ती!

तेव्हापासून वही बंद. आता जमेल तेवढंच करते. चालायला मिळालं तर चालते, नाही मिळालं तर जिने चढते. नेब्युलायझर चालू असतो त्या दहा मिनिटांत फोन हातात घेत नाही, आईच्या शेजारी बसून श्वास सावकाश सोडते, आत घेतो त्यापेक्षा लांब. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, हे शरीराचं साधं काम आहे, त्याला गुरू लागत नाही की ॲप लागत नाही.

आणि ज्या आकड्यांसाठी मी स्वतःला छळत होते ते बघा. दहा हजार पावलं हा आकडा कुठल्या डॉक्टरने काढलेला नाहीये, १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलं मोजणारं' असा होता, तिथून तो सगळीकडे पसरला. २०१९ मध्ये वयस्क बायकांवरचा एक मोठा अमेरिकन अभ्यास आला, त्यात रोज साधारण ४४०० पावलं चालणाऱ्यांचा मृत्यूचा धोका २७०० वाल्यांपेक्षा बराच कमी दिसला आणि साडेसात हजारांच्या आसपास फायदा वाढायचा थांबला. 'एकवीस दिवसांत सवय लागते' हेही तसंच. लंडनच्या एका अभ्यासात निम्म्या लोकांना ६६ किंवा त्याहून जास्त दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाला २५४ पर्यंत लागतील असा अंदाज निघाला, आणि मधे एखादा दिवस चुकला म्हणून काही बिघडलं नाही. मग एक रकाना रिकामा राहिला म्हणून रात्री रडायचं कशाला?

माझं मत सरळ आहे, तब्येतीची काळजी ही अजून एक परीक्षा होता कामा नये. तुम्हाला काय वाटतं?

ठरलेली वेळ

पाऊलवाट, तुमच्या आईंना लवकर बरं वाटू दे. पण मुद्द्याशी अजिबात सहमत नाही.

'जमेल तेवढं' मी सहा वर्षं केलं आणि त्या सहा वर्षांत जमलं काहीच नाही. रोज संध्याकाळी मनात तीच घासाघीस, आज थकलोय, आज उशीर झाला, उद्या नक्की. ह्या घासाघिशीनेच माणूस दमतो हो. मग बीपी वाढलेलं निघालं, गोळी सुरू झाली, तेव्हा मी ठरवलं की सव्वासहाला बूट घालून दाराबाहेर पडायचं, विचार करायचा नाही. आता बूट रात्रीच दाराशी ठेवतो, मोजे बुटात. सकाळी डोकं जागं व्हायच्या आधी पाय बाहेर पडलेले असतात. तुम्हाला शिस्त म्हणजे छळ वाटतो, मला ती सगळ्यात मोठी विश्रांती वाटते कारण ठरवायचं कामच उरत नाही.

आणि तुम्ही ज्या सवयीच्या अभ्यासाचं उदाहरण दिलंत तो जरा पुढे वाचा. त्यातल्या लोकांनी एकच गोष्ट निवडली होती आणि ती रोज एका ठराविक प्रसंगाला जोडून केली होती. एखादा दिवस चुकला तर चालतं हे बरोबर, पण सवय लागली ती रोज केल्यामुळे, वाटेल तेव्हा केल्यामुळे नाही. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. तोही आकडाच आहे ना? आकडा काढून टाकला की माणूस स्वतःला सांगतो की मी बरंच करतोय, आणि ते खरं नसतं. माझ्या बाबतीत तरी नव्हतं.

निशाचर

दोघांचंही वाचलं. तुम्ही दोघं भांडताय ते ताण आल्यावर काय करायचं यावर. तो येतो कुठून त्यावर कुणी बोलतच नाहीये.

मी रात्रपाळीत काम करतो. आमच्याकडे चौघांचं काम दोघं करतात आणि महिन्यातून एकदा आम्हालाच बसवून ताणाचं व्यवस्थापन शिकवतात, डोळे मिटा, खांदे सैल सोडा. गेल्या वेळी डोळे मिटून बसलो आणि शेजारचा झोपूनच गेला, लागोपाठ सहावी रात्र होती त्याची. त्याला उठवायचं माझ्या जिवावर आलं. त्याला ध्यान नको होतं हो, त्याला सुट्टी हवी होती.

२०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने मिळून आकडे काढले होते. आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा स्ट्रोकचा धोका ३५ टक्के जास्त, हृदयविकाराने मरायचा १७ टक्के जास्त, आणि एकट्या २०१६ मध्ये या लांबलेल्या तासांपायी जगभरात सुमारे ७ लाख ४५ हजार मृत्यू. बर्नआउटचंही तेच, म्हणजे कामाने माणूस पार पिळून निघतो त्याचं. आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीत तो आजार म्हणून नोंदवलेला नाहीये, कामाशी जोडलेली गोष्ट म्हणून नोंदवलाय, कामाच्या ठिकाणचा ताण नीट हाताळला न गेल्यामुळे होणारी. मग औषध कामाच्या ठिकाणी करायला नको का?

हान्स सेल्ये नावाच्या शास्त्रज्ञाने १९३६ मध्येच उंदरांवरच्या प्रयोगांतून मांडलं होतं, थंडी असो, जखम असो, अती श्रम असोत, शरीर आधी खडबडून जागं होतं, मग तग धरतं, आणि ओझं उतरलंच नाही तर शेवटी गळून जातं. तुमचा सावकाश श्वास काय किंवा सव्वासहाचे बूट काय, दोन्ही तग धरायचे दिवस वाढवतात. ओझं तिथंच राहतं.

मधली सुट्टी

निशाचर, तुमचा राग शंभर टक्के बरोबर आहे, तासांबद्दल जे लिहिलंत त्याला +१. पण ओझं उतरेपर्यंत आजची रात्र तर काढायची आहे ना? मी एकटी मुलाला वाढवते. मला तास कमी करून मागता येतील अशी परिस्थिती आज नाहीये, पुढच्या वर्षी कदाचित असेल. तोपर्यंत 'सिस्टम बदलल्याशिवाय काही उपयोग नाही' हे वाक्य मला अजूनच हतबल करतं. घरी आल्यावर कुलूप उघडायच्या आधी मी जिन्यात मिनिटभर बसते, किल्ली मुठीत धरून. आत गेल्यावर मुलावर ओरडायचं नाही एवढ्यासाठी. तास तेवढेच राहतात माझे, मान्य. पण मुलाला त्या मिनिटाचा फरक कळतो.

पाऊलवाटच्या बाजूने अजून एक. मनगटावरचं घड्याळ रोज सकाळी झोपेला मार्क द्यायचं, आणि मी उठल्यावर ताजीतवानी असले तरी मार्क कमी दिसले की दिवसभर थकल्यासारखं वाटायचं. काढून ठेवलं. झोप तेवढीच आहे, पण सकाळ माझी झाली.

कोरा कागद

मला ह्या 'हळुवार' पद्धतीबद्दल थोडी भीती वाटते, आणि ती अनुभवातून आलीये, म्हणून लिहितोय.

मी जवळजवळ पाच महिने स्वतःला सांगत होतो की ताण आहे, जाईल, स्वतःशी प्रेमाने वाग, जमेल तेवढं कर. जमणं रोज थोडं थोडं कमी होत गेलं. आधी फिरणं सुटलं, मग फोन उचलणं, मग अंघोळ. प्रत्येक टप्प्यावर मी स्वतःला माफ करत गेलो, कारण सगळीकडे तेच वाचत होतो. मध्ये ध्यान करून बघितलं तर छातीतली धडधड अजून वाढायची, आणि मला वाटायचं की एवढी साधी गोष्टही आपल्याला येत नाही. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की काही जणांना शांत बसल्यावर अस्वस्थता वाढते, त्यात तुमची चूक काही नाही. ते डिप्रेशन होतं. औषधं आणि समुपदेशन सुरू झाल्यावर दोन-अडीच महिन्यांनी मी पुन्हा फोन उचलायला लागलो.

डॉक्टरांनी एक साधी खूण सांगितली होती ती इथे देतो: दोन आठवडे जवळजवळ रोज मन खिन्न असेल, किंवा आवडीच्या गोष्टीतही काही वाटेनासं झालं असेल, त्यासोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडली असेल तर ताण म्हणून सोडून देऊ नका, दाखवा. आणि जगणं नकोसं वाटायला लागलं तर दोन आठवडेही थांबू नका, त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. पाऊलवाट, तुम्हाला असं काही होतंय असं मी म्हणत नाहीये. पण 'जमेल तेवढं'मध्ये 'जमणं कमी होत चाललंय का' हे बघायची सोय हवी.

पाऊलवाट

कोरा कागद, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. हे माझ्या डोक्यातच नव्हतं. स्वतःला माफ करता करता घसरायला होऊ शकतं हे मान्य, पूर्ण मान्य. आज बहिणीला फोन करून सांगितलं की दर रविवारी मला विचार, ह्या आठवड्यात काय सुटलं म्हणून. ती विचारेल, कडक आहे ती.

निशाचर, आईच्या रात्री मी एकटीच काढत होते कारण मागायला लाज वाटत होती. तुमचं वाचून बहिणीला तेही बोलले. बुधवार आणि शनिवारच्या रात्री आता ती येणार. सलग झोपेच्या दोन रात्री मला कुठल्याच श्वासाने दिल्या नसत्या, हे तुमचं खरं.

ठरलेली वेळ, तुमचं मात्र मला अजून पटत नाहीये. तुमचे बूट दाराशी तयार असतात कारण तुमची रात्र तुमची आहे. माझी रात्र कधी मोडेल हे मला संध्याकाळी माहीत नसतं. सव्वासहा लिहून ठेवलं आणि पाचला डोळा लागला तर मी पुन्हा खोटी टिक करणारच, मला माझा स्वभाव माहितीये. नेब्युलायझर लावला की श्वास, एवढी एकच जोडी माझ्याकडे पक्की आहे, आणि ती घड्याळाला बांधलेली नाहीये म्हणूनच टिकलीये.

ठरलेली वेळ

अहो मग ही जोडी म्हणजे शिस्तच झाली की, मी दुसरं काय म्हणत होतो! तुम्ही घड्याळाऐवजी नेब्युलायझरला बांधून घेतलंत एवढंच. तरी माझं म्हणणं कायम आहे, त्याला 'जमेल तेवढं' म्हणू नका, कारण वाचणारा दुसरा कुणीतरी फक्त तेवढाच शब्द उचलेल आणि माझ्यासारखी सहा वर्षं घालवेल. रात्र मोडण्याचा मुद्दा मात्र बरोबर आहे, माझ्या घरात सध्या कुणी आजारी नाही आणि मी ते धरूनच चाललो होतो. वडील गेल्या महिन्यात ऐंशीचे झाले.

बुधवारी रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवून झोपा.