मदत हवी आहे: एका पार्टपायी सगळा माल अडकतो, ईआरपी कोणतं घ्यावं?

मकरपुरा_युनिट: वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) छोटं युनिट आहे. दर महिन्याला तेच रडगाणं, एक पार्ट येत नाही आणि सगळी लाइन बसते. डिस्ट्रिब्युटर म्हणतो "पुढच्या आठवड्यात", तो आठवडा काही उगवत नाही. कस्टमर दंडाची भाषा करतोय. भागीदार म्हणतो ईआरपी घेऊ, म्हणजे खरेदी, स्टॉक, हिशोब सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर. कोणतं घेऊ? डेमोवाला उद्या येतोय, लवकर सांगा.

बोर्डवाला: बनवता काय? पार्ट कोणता? चिप की स्क्रू?

मकरपुरा_युनिट: सोलर पंपाचं रिमोट मॉनिटरिंग युनिट. पार्ट दर वेळी वेगळा असतो हो. ईआरपीचं बोला ना.

पीथमपूरकर: स्टॉक कमी करा, बाकी सगळं आपोआप होतं. टिम कुक १९९८ मध्ये अ‍ॅपलमध्ये आले, गोदामं बंद केली, महिन्याचा साठा दिवसांवर आणला. माल पडून म्हणजे पैसा पडून.

खरेदीताई: पीथमपूरकर, अ‍ॅपलच्या खरेदीवाल्याचा फोन आला तर सप्लायर रात्री कारखाना उघडेल. आपला फोन तरी उचलतात का? जस्ट-इन-टाइम, म्हणजे लागेल तेव्हाच माल मागवणं, ज्यांनी जगाला शिकवलं त्या टोयोटानेच २०११ च्या भूकंपानंतर सप्लायरांना दोन ते सहा महिन्यांच्या चिपा ठेवायला लावल्या. म्हणून २०२१ च्या टंचाईत ती इतरांपेक्षा जास्त टिकली.

पीथमपूरकर: ताई, टोयोटाला बँक हात जोडून कर्ज देते. इथे सहा महिन्यांचा साठा भरायला पैसे कोण देणार?

खरेदीताई: सगळ्याचा साठा कोण म्हणतंय? ज्याला यायला जास्त दिवस लागतात आणि जे एकाच कंपनीकडे मिळतं, तेवढ्याचाच.

जुना_इंजिनिअर: २००० साली अमेरिकेत अल्बुकर्कला फिलिप्सच्या चिप कारखान्यावर वीज पडून आग लागली, दहाएक मिनिटांत विझलीही. नोकियाने लगेच दुसरीकडून चिपा मिळवल्या, जमेल तिथे डिझाइन बदललं. एरिक्सनकडे काही चिपांना दुसरा पुरवठादारच नव्हता. पुढच्या वर्षी त्यांचा मोबाइलचा धंदा सोनीबरोबरच्या भागीदारीत गेला. दुसरा सप्लायर डिझाइन करतानाच ठरवायचा असतो, बोंब झाल्यावर नाही.

निर्यातमित्र: आयईसी कोड (आयात-निर्यातीला लागणारा नंबर) काढलाय का? दुबईत सोलरला मागणी आहे.

मकरपुरा_युनिट: निर्यात कुठून आली मध्येच?

सेवउसळ: मकरपुऱ्यात दुपारी चांगली सेव उसळ कुठे मिळते सध्या? जुनी गाडी हलली म्हणे.

बोर्डवाला: आधी पार्टचं नाव सांगा राव. आज काय अडलंय?

मकरपुरा_युनिट: वायर जोडायचा हिरवा प्लगवाला टर्मिनल, ३.८१ मिमी पिच (शेजारच्या दोन पिनांमधलं अंतर), आडवा. फोर-जी मॉड्यूल भरपूर पडलेत, सगळा पैसा त्यात गेलाय.

खरेदीताई: बघा! महागाचं कपाटात आणि वीस रुपयांच्या टर्मिनलपायी लाइन बंद. ईआरपी तुम्हाला हा टर्मिनल संपलाय एवढंच सांगेल, ते तर माहीतच आहे. बीओएमच्या (एका युनिटला लागणाऱ्या पार्टांच्या यादीच्या) एक्सेलमध्ये दोन रकाने वाढवा: यायला किती दिवस लागतात, आणि दुसरा मेक, म्हणजे तोच पार्ट बनवणारी दुसरी कंपनी, कोणता. दुसरा रकाना जिथे रिकामा राहील तिथे आधी हात घाला.

टॅलीभक्त: टॅलीतही स्टॉकची रीऑर्डर लेव्हल लावता येते. वेगळं सॉफ्टवेअर कशाला?

बोर्डवाला: हा टर्मिनल बऱ्याच कंपन्या बनवतात. ड्रॉइंग शेजारीशेजारी ठेवून पिनची जाडी आणि बोर्डवरचं भोक जुळतंय का बघा. प्लग आणि सॉकेट एकाच मेकचे घ्या, मिसळू नका. थोडे नमुने मागवून एक बोर्ड सोल्डर करा, मग ऑर्डर.

जुना_इंजिनिअर: आणि कस्टमरकडून मेक बदलाची लेखी मंजुरी घ्या. टेंडरचा माल असेल तर तोंडी "हो"ला काही अर्थ नाही.

मकरपुरा_युनिट: टेंडरचाच आहे. मेल टाकतो. डेमोवाल्याला पुढच्या महिन्यावर ढकललंय, भागीदार फुगून बसलाय. ड्रॉइंग दोन जणांना पाठवलं. एकाने विचारलंय की नक्की ३.८१ च आहे ना, ३.५ नाही ना?

बोर्डवाला: दोन पिनांवर मोजू नका, फसाल. पहिल्या पिनच्या मध्यापासून शेवटच्या पिनच्या मध्यापर्यंत मोजा आणि पिनांच्या संख्येतून एक वजा करून भागा.