निकॉन एफ२ की एफ३? निर्णयासाठी मदत हवी आहे

नमस्कार. माझ्याकडे ५० आणि १०५ मिमीच्या दोन मॅन्युअल फोकस एआय (छिद्राची माहिती कॅमेऱ्याच्या मीटरला कळवणाऱ्या निकॉन पद्धतीच्या) लेन्स असून त्यांच्यासाठी जुना व्यावसायिक फिल्म एसएलआर (आरशाच्या मदतीने लेन्समधूनच दृश्य दाखवणारा कॅमेरा) घ्यायचा आहे. निवड १९७१ चा एफ२ आणि १९८० चा एफ३ यांच्यावर येऊन थांबली आहे. (ऑटोफोकसची गरज नसल्यामुळे एफ४ बाजूला ठेवला.)

एफ२ चे शटर पूर्णपणे यांत्रिक असल्याने बॅटरी संपली तरी १/२००० सेकंदापर्यंतचे सर्व वेग मिळतात. एफ३ मध्ये अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीची (लेन्सचे छिद्र आपण ठरवायचे, शटरचा वेग कॅमेरा निवडतो) मोठी सोय आहे आणि मी चष्मा लावत असल्यामुळे त्याचा एचपी (डोळा थोडा लांब ठेवूनही पूर्ण दृश्य दाखवणारा) व्ह्यूफाइंडर मला फारच मोहात पाडतो. परंतु बॅटरी गेल्यावर त्यात यांत्रिक वेग म्हणून केवळ १/६० च्या आसपासचा एकच उरतो. शिवाय व्ह्यूफाइंडरमधील आकडे दाखवणारा एलसीडी कालांतराने फिका पडतो, ही धास्ती आहेच.

मध्यंतरी एक जुना कॅमेरा पाहताना मागचे झाकण उघडले, तर प्रकाश आत शिरू नये म्हणून लावलेल्या, आता कुजलेल्या फोमचा काळा चिकट थर बोटाला लागला. फोम बदलता येतो हे मला ठाऊक आहे, खरी काळजी प्रकाश मोजणाऱ्या मीटरची आणि सर्किटची वाटते.

ज्यांनी हे कॅमेरे दीर्घकाळ वापरले आहेत, त्यांनी कृपया सांगावे: एफ३ चे सर्किट बिघडल्यास ते दुरुस्त होण्याची कितपत आशा धरावी, आणि एफ२ साधा, मीटरविरहित प्रिझम (कॅमेऱ्यावर बसणारा व्ह्यूफाइंडर) लावून हातातल्या लाइट मीटरवर वापरणे रोजच्या कामात जाचक ठरते का?