ऑक्टोबर 1953, शाखामार्गाची लोकल मालगाडी: वाघिणी कोणत्या आणि किती?

मालडबा:
एचओ मापात (1:87) अमेरिकन मिडवेस्टच्या एका शाखामार्गाची मॉडेल रेल्वे उभी करतोय. शेवटच्या गावात धान्याचे दोन एलिव्हेटर (साठवणीचे उंच कोठार), लाकडाची वखार, तेलाचा डेपो आणि कोळशाची शेड. रोज एक लोकल, 10-12 वाघिणींची. हाताशी त्या विभागाचं एम्प्लॉयी टाइमटेबल (कर्मचाऱ्यांसाठीचं वेळापत्रक) आणि थोडे फोटो आहेत. गाडीत काय असायचं, हे त्यातून कळत नाही. कोणत्या रेल्वे कंपन्यांच्या बॉक्सकार (बंद वाघिणी) घ्यायच्या, हे कसं ठरवायचं?

सांधेवाला:
टाइमटेबल वाचा, पण जपून. नियमित गाड्यांची वेळ आणि दर्जा, सायडिंगची क्षमता, वेगमर्यादा एवढंच ते सांगतं. ‘एक्स्ट्रा’ म्हणून धावलेल्या गाड्या त्यात नसतातच, आणि मालवाहतुकीचा मोठा भाग तसाच चालायचा.

तुम्हाला हवी ती कंडक्टरची (गाडीच्या गार्डची) वही किंवा व्हील रिपोर्ट, म्हणजे गाडीतल्या वाघिणींची यादी. त्यात प्रत्येक वाघिणीच्या मालक कंपनीची आद्याक्षरं, क्रमांक, भरलेली की रिकामी, माल आणि कुठून कुठे ही माहिती मिळते. त्या रेल्वेच्या हिस्टॉरिकल सोसायटीकडे विचारा. तुमच्या शाखेची वही नसेल तर त्याच विभागाची, त्याच हंगामाची चालेल. जानेवारीची वही ऑक्टोबरला लावू नका, सुगीत चित्रच वेगळं असतं. मग त्या वर्षाचं ऑफिशियल रेल्वे इक्विपमेंट रजिस्टर उघडायचं. क्रमांकमालिकेवरून वाघिणीची आतली लांबी, दाराची रुंदी आणि क्षमता कळते, म्हणजे कोणतं मॉडेल घ्यायचं ते कळतं. उद्योगांच्या जागेसाठी सॅनबॉर्नचे अग्निविमा नकाशे पाहा: इमारत कशाची, रूळ कोणत्या भिंतीला लागून, सगळं असतं.

ब्रेकव्हॅन:
प्रमाणासाठी गिल्बर्ट-नेल्सन गृहीतक वापरा. परक्या, म्हणजे दुसऱ्या रेल्वे कंपन्यांच्या बॉक्सकार देशभरातल्या ताफ्याच्या प्रमाणात सगळीकडे दिसतात, असा त्याचा गाभा. समजा 20 बॉक्सकार घ्यायच्यात आणि व्हील रिपोर्टवरून 8 स्वतःच्या रेल्वेच्या ठरल्या. उरल्या 12. परक्या ताफ्यात एखाद्या कंपनीचा वाटा 9 टक्के असेल तर तिची एक. पेन्सिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्क सेंट्रल या पूर्वेकडच्या मोठ्या रेल्वेंच्या वाघिणी त्यामुळे मिडवेस्टातही हव्यातच. ज्यांचा वाटा 3-4 टक्क्यांहून कमी, त्यांच्यासाठी दोन जागा राखून आलटून पालटून वाघिणी बदला. प्रत्येक छोट्या रेल्वेची एकेक रंगीत बॉक्सकार घेतली की मालगाडीचं प्रदर्शन होतं.

हे गणित हॉपर (खालून रिकामी होणारी वाघीण), टँक कार, रीफरला (शीतवाघीण) लावू नका. कोळशाचा हॉपर खाणीवाल्या रेल्वेचाच येणार.

सांधेवाला:
सुगीत एक दुरुस्ती: एलिव्हेटरला शक्यतो स्वतःच्याच रेल्वेच्या 40 फुटी बॉक्सकार लावायचे. त्यामुळे 20 पैकी 8 कमी पडतील, 11-12 धरा. धान्यासाठी कव्हर्ड (छताचा) हॉपर 1953 मध्ये नको, ते प्रामुख्याने 1960 नंतरचं प्रकरण. त्याऐवजी धान्य सांडू नये म्हणून बॉक्सकारच्या दाराआड आतून लावलेल्या लाकडी फळ्या दाखवा.

मालडबा:
रिकाम्या वाघिणी परतीला कशा पाठवायच्या?

ब्रेकव्हॅन:
टँक कार बहुधा खासगी मालकीची. तेलाच्या डेपोत रिकामी झाली की आल्या वाटेनेच परत. परकी बॉक्सकार मालकाच्या दिशेचा माल मिळाला तर भरून, नाहीतर रिकामी. वखारीत मोकळी झालेली वाघीण एलिव्हेटरला लावता येते, पण ती स्वच्छ हवी आणि छत गळकं नको. तिच्यातून तेल किंवा कातडी आली असतील तर धान्याला बाद. मॉडेलवाल्यांच्या चार बाजूंच्या वेबिलवर (वाघिणीसोबतचं मालपत्रक) हा सगळा फेरा बसतो: भरून येणं, रिकामं सरकणं, भरून जाणं, मग मालकाच्या रेल्वेकडे.

घड्याळही लावा. मध्यरात्री परकी वाघीण ज्याच्या रुळांवर, त्याने त्या दिवसाचं भाडं मालकाला द्यायचं. म्हणून इंटरचेंजला (दोन रेल्वे एकमेकींना वाघिणी देतात ती जागा) ती बाराच्या आत पोचवायची घाई असायची. शिवाय कर्मचाऱ्यांना कायद्याने 16 तासांची मर्यादा होती.

सांधेवाला:
खरेदीआधी वाघिणीच्या पोटाखाली पाहा. ब्रेकचा सिलिंडर आणि हवेची टाकी एकाला एक जोडलेली दिसली तर तो जुना ‘के’ ब्रेक. 1953 मध्येच इंटरचेंजमधून तो बाद झाला, त्यामुळे तुमच्या ऑक्टोबरात परक्या वाघिणीला चालणार नाही. ‘एबी’ ब्रेकचे तीन भाग सुटे दिसतात. बाजूवरची फेरवजनाची (रिकामी वाघीण पुन्हा तोलल्याची) तारीखही वाचा. तयार मॉडेलवर ‘5-56’ (मे 1956) छापलेलं असतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. तेवढाच आकडा खरवडून नवीन डिकॅल (पाण्याने चिकटवायची छापील अक्षरं) लावता येतो.