अंटार्क्टिका: १८० जणांची बोट घ्यावी की ४५० जणांची?

नीला_ठाणे
आम्ही दोघं, वय ६६ आणि ७०, पुढच्या जानेवारीत अंटार्क्टिकाला जायचं म्हणतोय. अर्जेंटिनातल्या उश्वाया बंदरातून सुटणाऱ्या दोन बोटी समोर आहेत. एक १८० प्रवाशांची, खोली लहान, साधी खिडकी. दुसरी ४५० प्रवाशांची. तेवढ्याच पैशात बाल्कनी, स्पा, दोन रेस्तराँ. एजंटचं म्हणणं, लक्झरी हवी तर दुसरीच घ्या. माझा उजवा गुडघा कुरकुरतो, ह्यांना बोट लागते. दोघंही शाकाहारी, मी कांदा-लसूणही खात नाही. छोटी बोट फार हलते का? तिकडे एक छोटी बोट बुडाली होती असं ह्यांनी कुठेतरी वाचलंय, तेव्हापासून विषय काढला की गप्प.

वेंगुर्ल्याचो_बाबू
नीलाताई, मी असल्या बोटींवर गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, कामाला होतो. पाहुण्यांच्या खोल्या फारशा बघितल्या नाहीत, पण कोण किती वाजता किनाऱ्यावरून परत येतंय ते गॅलीला बरोबर कळतं. गरम सूप तेव्हाच लागतं ना!

तिथे नियम आहे: एका जागी एका वेळी १०० च्या वर प्रवासी उतरवायचे नाहीत. ५०० च्या वर प्रवासी नेणारी बोट तर कोणालाच उतरवत नाही, लांबूनच दाखवते. १८० असले की अर्धे किनाऱ्यावर आणि अर्धे झोडियाक नावाच्या छोट्या रबरी बोटींतून हिमनगांभोवती, मग अदलाबदल. ४५० च्या पाच तुकड्या पडतात. पहिली तुकडी सूप पिऊन आडवी झाली तरी शेवटची लाइफजॅकेट घालून लाउंजमध्येच. तेवढ्यात वारा फिरला तर त्यांचं उतरणं रद्द. स्पा ठाण्यातही आहे हो.

बाल्कनीसाठी तर एक रुपया जास्त देऊ नका. ड्रेक पॅसेज, म्हणजे दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधला समुद्र, ओलांडायला साधारण दोन दिवस जाताना, दोन येताना. समुद्र खवळला की बाहेरचे डेक बंद, बाल्कनीचं दार उघडू नका म्हणून घोषणा. काकांना लागतं ना? मग खालच्या मजल्यावरची, बोटीच्या मधोमध असलेली खोली मागा. वरच्या मजल्यावर हेलकावा जास्त जाणवतो.

छोटी बोट जास्त हलते, खोटं कशाला सांगू. स्टॅबिलायझरने, म्हणजे हेलकावे कमी करणाऱ्या यंत्रणेने, फरक पडतो, पण दर्याक कोण सांगतलो! भर हेलकाव्यात आम्ही टेबलक्लॉथ ओले करून अंथरायचो, म्हणजे ताटं घसरत नाहीत. बुडाली ती एक्सप्लोरर, नोव्हेंबर २००७, बर्फाला धडकून. बोटीवरची सगळी १५४ माणसं लाइफबोटीत उतरली आणि वाचली. काकांना हे पुढचंही वाचून दाखवा.

आता जेवण. भाजीपाला उश्वायात एकदा भरला की भरला. पालेभाजी, काकडी पहिल्या दिवसांत संपते. शेवटी उरतो कोबी, गाजर, बटाटा आणि कांदा. म्हणून तुमचं पथ्य बुकिंग करतानाच लेखी कळवा. बोटीवर चढून वेटरला सांगितलंत तर रोज पास्ता आणि वाफवलेलं गाजर येईल. आधी कळलं तर डाळ-तांदूळ जास्त भरता येतात. माझी बिनकांद्याची आमटी परदेशी पाहुण्यांनी मागून खाल्लीय! लाडू-चिवडा नेलात तर बोटीवरच संपवा, खायचं काही घेऊन किनाऱ्यावर उतरायला बंदी आहे.

अनघा_नाशिक
गुडघ्याबद्दल. बोटीच्या अंगाला लावलेली शिडी उतरून हलत्या झोडियाकमध्ये पाय टाकायचा असतो. खलाशी तुमचा हात कोपराखाली धरतो, तुम्ही त्याचा तसाच धरायचा. किनाऱ्याला लागल्यावर रबरी कडेवर बसून दोन्ही पाय बाहेर फिरवायचे आणि पाण्यात उभं राहायचं. घरी सोफ्याच्या हातावर बसून करून बघा. शिवाय बर्ड फ्लूमुळे अलीकडे किनाऱ्यावर बसायला, गुडघे टेकायलाही मनाई केलीय, त्यामुळे परत येईपर्यंत उभंच. काठी चालते का, ते आधी विचारून ठेवा. बोट लागू नये म्हणून कानामागे लावायची पट्टी मिळते, पण काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि तिथून आजारी माणसाला हलवण्याचा खर्च विम्यात धरलाय ना, हे पॉलिसी उघडून बघा, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

मिरजकर
बाबूंशी सहमत नाही. आम्ही मोठीच घेतली होती. हलली कमी, लिफ्ट होती. सौ.चा गुडघा तासाभरातच बोलायला लागायचा, मग छोट्या बोटीत किनाऱ्यावर तीन तास मिळून करायचं काय?

वेंगुर्ल्याचो_बाबू
मिरजकर, म्हणूनच झोडियाकची फेरी. तिथे बसूनच बघायचं असतं. तुमच्या बोटीवर ती सगळ्यांना रोज मिळाली का?

मिरजकर
रोज नाही, ते खरं. जेवण मात्र उत्तम होतं.

नीला_ठाणे
सगळ्यांचे आभार. एजंटला फोन केला, ४५० वाली दिवसातून किती वेळा उतरवते विचारलं. म्हणाला, "मॅडम, स्पाचं पॅकेज फ्री करून देतो." १८० वालीत खाली मधली खोली शिल्लक आहे का, ते विचारून ठेवलंय. ह्यांची सोफ्यावरून उतरायची प्रॅक्टिस सुरू आहे, गुडघा माझा दुखत असूनही. बाबूभाऊ, त्या आमटीत फोडणीला काय घालायचात?