स्टॉप कोडॉन चुकीच्या जागी आलाय हे पेशीला कळतं कसं?

कृष्णाकाठ_बायो
सांगलीत एमएस्सी बायोटेक करतोय, पहिलं वर्ष. नॉनसेन्स मिडिएटेड डीके, म्हणजे एनएमडी, चालू आहे पण एक गोष्ट काय केल्या डोक्यात शिरंना. म्युटेशनमुळं एमआरएनएमध्ये, म्हणजे प्रथिन बनवायला वापरतात त्या जनुकाच्या नकलेत, मधेच यूएजी हा ‘इथं थांब’ सांगणारा तीन अक्षरी स्टॉप कोडॉन आला तर पेशी तो अख्खा एमआरएनए तोडून टाकते म्हणे. पण खऱ्या शेवटालासुद्धा यूएए, यूएजी नाहीतर यूजीएच असतो की! अक्षरं तीच, मग हा खरा आणि हा खोटा हे ठरवतं कोण? नोट्समध्ये प्रथिनांची नावं आहेत पाठ करायला, कारण कुठंच नाही.

सातारी_जनुक
लई बरोबर जागी बोट ठेवलंस भावा. नुसत्या कोडॉनवरनं कळतच नाही, तो कुठं आलाय त्यावरनं कळतं. स्प्लायसिंगमध्ये, म्हणजे मधले इंट्रॉन कापून टाकताना, दोन एक्झॉन (उरणारे तुकडे) जोडले गेले की सांध्याच्या २०-२४ न्यूक्लियोटाइड (अक्षरं) अलीकडं प्रथिनांचा एक गठ्ठा बसतो, एक्झॉन जंक्शन कॉम्प्लेक्स. एमआरएनए पहिल्यांदा वाचत प्रथिन बनवत जाणारा रायबोसोम वाटेतले हे गठ्ठे काढत जातो, आणि खरा स्टॉप बहुतेक वेळा शेवटच्या एक्झॉनमध्ये असल्यामुळं तिथं पोचेपर्यंत पुढं गठ्ठा उरलेलाच नसतो. मधेच स्टॉप लागला की मात्र पुढचा गठ्ठा तसाच चिकटून राहतो, त्याच्यावरची यूपीएफ३ आणि यूपीएफ२ ही प्रथिनं थांबलेल्या रायबोसोमपाशी असलेल्या यूपीएफ१ ला गाठतात, एसएमजी१ हे एन्झाइम त्याला फॉस्फेट लावतं, आणि मग त्या एमआरएनएची सुटका नाही. मग तोडणारी एन्झाइमं येतात: एसएमजी६ स्टॉपच्या आसपास कापतं, पुढचा तुकडा एक्सआरएन१ खातं, मागचा एक्झोसोम. ढोबळ नियम असा की शेवटच्या सांध्यापासून ५०-५५ न्यूक्लियोटाइडपेक्षा जास्त अलीकडं स्टॉप आला तर एमआरएनए जातो.

मिरज_लॅब
यात माझं रोजचं काम आलं म्हणून लिहिते. मी लॅबमध्ये एचपीएलसीवर, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या यंत्रावर, हिमोग्लोबिन बघते. बीटा थॅलेसेमियातलं, म्हणजे हिमोग्लोबिनची बीटा साखळी कमी पडणाऱ्या आनुवंशिक आजारातलं, कोडॉन ३९ चं म्युटेशन घे, सीएजीचा यूएजी होतो. हे दुसऱ्या एक्झॉनमध्ये, शेवटच्या सांध्याच्या बरंच अलीकडं, म्हणून तो एमआरएनए नष्ट होतो. जनुकाची एकच प्रत अशी असेल तर दुसऱ्या चांगल्या प्रतीवर भागतं, माणूस कॅरिअर (वाहक), हिंडतोफिरतो, रिपोर्टमध्ये एचबीए२ हा हिमोग्लोबिनचा प्रकार साडेतीन टक्क्यांच्या वर दिसतो एवढंच. आता कोडॉन १२१ बघ, तिथं स्टॉप आला तर तो तिसऱ्या म्हणजे शेवटच्याच एक्झॉनमध्ये, पुढं गठ्ठाच नाही! एमआरएनए वाचतो, अर्धवट बीटा साखळी तयार होते आणि ती बोन मॅरोतल्या पेशींमध्येच साचते, त्यामुळं एका प्रतीनंसुद्धा माणूस आजारी पडतो. म्हणजे ही साफसफाई कॅरिअर लोकांना अक्षरशः सांभाळते. आणि लग्न ठरवताना पत्रिकेआधी दोघांचं एचबीए२ बघा, हे मी भेटेल त्याला सांगते, इथंही सांगते.

कृष्णाकाठ_बायो
ताई, १२१ चं उदाहरण वाचलं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला, हे वर्गात कुणी सांगितलंच नव्हतं. पण मग यीस्टचं काय? त्याच्या बहुतेक जनुकांत इंट्रॉनच नाहीत, म्हणजे गठ्ठेपण नाहीत, तरी १९७९ मध्ये तिथंच हे दिसलं होतं ना?

सातारी_जनुक
हो, यीस्टमध्ये आणि थॅलेसेमियाच्या पेशंटमध्ये, दोन्हीकडं त्याच वर्षी. यीस्टमध्ये अंतर कामाला येतं. खरा स्टॉप एमआरएनएच्या टोकाला असलेल्या पॉली-ए शेपटीच्या (नुसत्या ए अक्षरांची ओळ) जवळ असतो, तिथलं पॉली-ए बाइंडिंग प्रोटीन रायबोसोमला नीट सुटायला मदत करतं. स्टॉप लवकर आला की शेपटी लांब पडते, सुटायला उशीर होतो आणि तेवढ्यात यूपीएफ१ येऊन बसतं. आपल्या पेशींतपण स्टॉपनंतरची शेपटीपर्यंतची पट्टी फार लांब असेल तर गठ्ठ्याशिवाय एनएमडी होऊ शकतं, त्यामुळं ५०-५५ चा नियम परीक्षेत लिही पण त्याला अपवाद आहेत हेपण लिही.