लेवीय 13 : आरोग्यखातं की पापाची शिक्षा?

खवचट_वाचक : काल इथे एकाने ठोकून दिलं, "बायबलने हजारो वर्षांपूर्वीच क्वारंटाइन शिकवलं." राहवलं नाही. अहो, बायबलातल्या लेवीय पुस्तकाचा हा 13वा अध्याय पुरता वाचा तरी! कातडीवरच्या डागांचे नियम आहेत त्यात, त्या रोगाला सहसा कुष्ठरोग म्हणतात. डाग दिसला की याजकाने (पुरोहिताने) माणसाला सात दिवस कोंडून ठेवायचं, मग आणखी सात, इथवर ठीक. पण 13व्या वचनात माणूस डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झाला तर शुद्ध! भिंतीवर डाग दिसला तर याजक यायच्या आत घरातलं सामान बाहेर काढायचं, म्हणजे ते अशुद्ध ठरत नाही (14:36). जंतू काय याजकाची वाट बघतात? मिश्नात, म्हणजे यहुद्यांच्या जुन्या नियमसंग्रहात तर नवरदेवाला लग्नाचे सात दिवस तपासणी माफ.

वसईकर : बरं, आरोग्य सोडा. मोशेची बहीण मिर्याम मोशेविरुद्ध बोलली, अंग पांढरंफटक. अलीशा संदेष्ट्याचा चाकर गेहजी, त्याला हाव सुटली, तेच. उज्जीया राजा मंदिरात धूप जाळायला घुसला, कपाळावर उठलं. शिक्षाच ती. बरं झाल्यावर पापार्पण, म्हणजे पापाबद्दलचा बळी, का मग?

खवचट_वाचक : पापार्पण बाळंतिणीलाही आहे, आदल्याच अध्यायात. बाळंतपण पाप का?

सुमनताई : शिक्षा शिक्षा काय लावलंय? माझ्या मावसबहिणीच्या हातावर कोड. बघायला आलेल्या मुलाच्या आईने तिच्या हातचा चहा तसाच ठेवला, साय धरेपर्यंत. पोरीने काय पाप केलं होतं?

वसईकर : ताई, विषय लेवीयाचा आहे.

सुमनताई : विषय हाच आहे! 2019 पर्यंत आपल्या विवाह कायद्यांत कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं. गोळ्यांनी बरा होणारा रोग!

त्वचावैद्य : कोड वेगळं, कुष्ठरोग वेगळा. कोड लागत नाही.

सुमनताई : हे त्या बाईला सांगायला हवं होतंत.

पाटीलबुवा : पण लपवून लग्न लावतात, त्याचं काय? आमच्याकडे झालंय तसं.

सुमनताई : तुमच्याकडच्या मुलाचं टक्कल सांगितलं होतं का आधी?

त्वचावैद्य : भांडा सावकाश. मूळ मुद्दा राहतोय. कुष्ठरोगाची मोठी खूण चट्ट्याचा बधिरपणा. लेवीयातला याजक केसांचा रंग बघतो, डाग खोल आहे का, पसरतोय का बघतो. बधिरपणाचं अक्षर नाही. आणि कुष्ठरोग चौदा दिवसांत निकाल देत नाही.

वसईकर : बाळंतिणीचा मुद्दा दिला तुम्हाला, घ्या, हार घाला. पण मिर्यामचं उत्तर कुठाय?

खवचट_वाचक : मोशेविरुद्ध त्याचा भाऊ अहरोनही बोलला होता. त्याला साधं पुरळही उठलं नाही. आता तुम्ही सांगा.